जीव वाचला, पुढे काय?

स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागला, की ‘जीव वाचला, बाकीचं सोड’ असे सांगून त्या स्त्रीला गप्प केले जाते. हे थांबले पाहिजे.

बेंबीखालची त्वचा आणि चरबी वापरून छातीवर नवा स्तन घडवता येतो. अमेरिकेतील कार्ल हार्टरॅम्फ यांनी १९८२ साली मांडलेल्या पद्धतीत पोटाचा स्नायूही खर्ची पडे. रॉबर्ट ॲलन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीआयईपी’ पद्धतीत तो जागच्या जागी राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक टाक्यांनी जोडल्या जातात.

असा स्तन मऊ आणि उबदार असतो, वजनाबरोबर वाढतो-घटतो. सिलिकॉनच्या कृत्रिम रोपणाभोवती कवच आवळून आकार बिघडण्याची भीती इथे नसते. उत्तर अमेरिकेतील ११ केंद्रांच्या २०१८ मधील अहवालानुसार, दोन वर्षांनंतर स्वतःच्या शरीरातील ऊतींपासून स्तन घडवलेल्या स्त्रिया कृत्रिम रोपण केलेल्यांपेक्षा आपल्या स्तनांबाबत अधिक समाधानी होत्या.

किंमतही मोजावी लागते. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत आडवा व्रण राहतो, स्पर्शाची जाणीव बहुधा पूर्ण परतत नाही.

म्हणूनच स्तन काढण्याआधीच दोन्ही बाजू तिच्यापुढे मांडायला हव्यात. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्यावर पुनर्रचनेचा आणि दुसरा स्तन जुळवून घेण्याचाही खर्च बंधनकारक केला. आपल्याकडील आरोग्य योजना आणि विमा कंपन्यांनीही तशी स्पष्ट हमी द्यावी.