भुईकोट कागदावर उतरवताना

मेजावर पट मांडून, फासे टाकून आणि प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका अंगीकारून खेळावयाच्या ज्या कथाखेळांचा आरंभ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने केला, त्या खेळांबरोबरच भुयारे, कोठड्या आणि दालने यांची एक कल्पित वास्तू जन्मास आली, आणि ती वास्तू छापील पत्रकांतून कापून, घड्या घालून, डिंकाने जोडून मेजावर उभी करण्याची आपली कला आज पुष्कळच प्रौढ झाली आहे, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. तथापि या प्रगतीत एक मोठे न्यून राहून गेले आहे, आणि ते स्पष्ट शब्दांत मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपले कारागीर जी पत्रके छापतात आणि अलीकडे स्वतः रेखाटूही लागले आहेत, त्यांतील दगड युरोपातला, कमान युरोपातली आणि भिंतीवरचे शेवाळही तिकडच्याच ओलसर तळघरांतले असते. ज्या मुलखात आपण राहतो, त्या मुलखातील पाषाण आपल्या मेजावर अद्याप आलेला नाही.

किल्ला बनविण्याची हौस मराठी घरांत नाही असे कोणी म्हणणार नाही. दिवाळीत अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांच्या उतारांवर अळीव उगवते, माथ्यावर महाराज विराजमान होतात. परंतु हा किल्ला बहुधा डोंगरी असतो, कारण किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीच येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यांत मराठवाड्यातील एकही नाही. त्या यादीचा विषय लक्षात घेता त्यात वावगे काही नाही, पण मराठवाड्यातले, सपाटीवर बांधलेले आणि आधीच उपेक्षित असलेले भुईकोट त्यामुळे लोकांच्या दृष्टीआड आणखी जाण्याचा संभव आहे. आमच्या कामापुरते बोलावयाचे तर हे भुईकोटच अधिक उपयोगाचे आहेत. डोंगरी किल्ल्याचे बळ कड्यात असते आणि कडा कागदात कधीच नीट उतरत नाही. उलट भुईकोटाचे सारे बळ माणसाने योजलेल्या अडथळ्यांत, म्हणजे खंदक, पडकोट, रेवणी, देवड्या, वळणावळणाने मागे सरणारे दरवाजे, चोरवाटा आणि दारूकोठारे यांत साठवलेले असते, आणि खेळातील भुयाराला याहून निराळे काय हवे असते?

धाराशिव जिल्हा या दृष्टीने भाग्यवान आहे. परंड्याचा भुईकोट, जेथून ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १६३२ साली विजापुरास नेण्यात आली, तो एकटाच वर्षभराच्या कामास पुरेल. पण आज आम्हांस विशेषेकरून नळदुर्गाविषयी लिहावयाचे आहे. बोरी नदीच्या वळणावरील या किल्ल्यास पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडणारा जो दगडी बांध दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या स्थपतीने बांधला, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून जिना उतरत जावे, चहूंकडे दगड आणि त्यामागे तुंबलेले पाणी असावे, आणि तरीही आतले दालन कोरडे असावे. पावसाळ्यात बांध भरून वाहू लागला म्हणजे नर आणि मादी या दोन धारा माथ्यावरून खाली कोसळाव्यात आणि सज्जात उभ्या राहिलेल्या माणसास पाण्याचा पडदा समोरून दिसावा, अशी ही रचना आहे. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली गेला, तेव्हा त्यांचा अधिकारी मेडोज टेलर याच किल्ल्यात राहून कारभार पाहत असे. ठगांवरील आणि तुळजापूरच्या भूमीवरील कादंबऱ्या लिहिणाऱ्या त्या माणसासही याहून अद्भुत भुयार कल्पिता आले नसते, असे आमचे मत आहे.

पाणीमहालाचे पत्रक रेखाटणाऱ्याने बांध एकसंध ठोकळा न करता तीन थरांत करावा: माथ्यावरील वाट व नर-मादीचे दोन सांडवे, मधला जिना, आणि तळाचे दालन. प्रत्येक थर वेगळा उचलता आला पाहिजे, म्हणजे पात्रे जसजशी खाली उतरतील तसतसा खेळाचा सूत्रधार वरचा थर बाजूस ठेवील. सज्जापुढील पाण्यासाठी पारदर्शक प्लास्टिकवर छापलेली पट्टी खाचेत सरकवावी. ती आत घातली की पूर आला, काढली की उन्हाळा. खेळातील काळाची जाणीव देण्यास एवढी एकच पट्टी पुरेशी आहे.

बुरुजांचे काम यापेक्षा कठीण आहे आणि तेथेच कारागिराची परीक्षा होते. एका इंचास पाच फूट या आपल्या रूढ प्रमाणाने, म्हणजे साठास एक, पायथ्याशी ३० फूट व्यासाचा, माथ्याशी २५ फुटांचा आणि ३० फूट उंचीचा बुरूज घेतला, तर त्याचा पायथा सहा इंच होतो आणि परीघ सुमारे १८.८५ इंच. हा बुरूज वर निमुळता असल्याने त्याचा उलगडा आयताकृती न होता कमानदार होतो. त्या कमानीची बाहेरील त्रिज्या सुमारे ३६ इंच आणि कोन जवळजवळ ३० अंश येतो. ही कमान एफोर कागदावर मावत नाही, म्हणून १५ अंशांचे दोन तुकडे करून दोन्ही सांधे तटाला चिकटणाऱ्या ठिकाणी आणावेत. सरळ पट्टी गुंडाळून, वरची कड कातरीने छाटून जे बुरूज केले जातात ते नळकांड्यासारखे दिसतात, आणि असे बुरूज आम्ही यापुढे नमुना म्हणून छापणार नाही. नळदुर्गाचा नवबुरूज तर पाकळ्यापाकळ्यांचा आहे; त्याची प्रत्येक पाकळी निराळी वळवून मगच एकत्र जुळवावी लागेल.

छपाईविषयी एक तक्रार आमच्याकडे वारंवार येते, की चौकोन एकमेकांशी जुळत नाहीत. तिचे कारण बहुतेक वेळा एकच असते. परदेशी पत्रके साडेआठ इंच रुंदीच्या कागदासाठी आखलेली असतात, आपला एफोर ८.२७ इंच रुंद. झेरॉक्सच्या दुकानातील यंत्र ते पत्रक कागदात बसविण्यासाठी आपोआप सुमारे पावणेतीन टक्के लहान करते, आणि आठ चौकोनांच्या फरशीत पाव इंचाला थोडी कमी एवढी तूट येते. म्हणून छापताना शंभर टक्के आकाराचा आग्रह धरावा, आणि आपल्या कारागिरांनी मूळ आखणीच सात गुणिले दहा चौकोनांची करावी. कागद दोनशे जीएसएमचा पुरतो. लेसर छपाईचा रंग घडीवर तडकतो, म्हणून घडी घालण्यापूर्वी रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी आणि कडांवर काळे स्केचपेन फिरवावे.

आता मुख्य गोष्ट. आपण ज्या वास्तूंची पत्रके करणार, त्या संरक्षित आहेत आणि अनेक ठिकाणी ढासळतही आहेत. तटाचा एखादा भाग उद्या उरला नाही, तर आपल्या पत्रकावरील माप कोणास तरी दस्तऐवज म्हणून वापरावे लागेल, ही शक्यता प्रत्येकाने मनात धरून काम केले पाहिजे. त्यासाठी मोजमाप टेपने घ्यावे. दगडाचे छायाचित्र भिंतीस समोरासमोर उभे राहून, उजेड सम असताना, एक फुटाची पट्टी चौकटीत ठेवून काढावे. खडूची खूण करू नये आणि शिलालेखावर कागद ठेवून घासू नये. खेळासाठी कल्पित दालन जोडण्यास आमची हरकत नाही, खेळ तो खेळच. पण मोजलेले आणि कल्पिलेले यांची सरमिसळ हा या कलेतील अक्षम्य दोष आहे. मोजलेली भिंत काळ्या रेषेने आणि कल्पिलेली लाल रेषेने आखावी, हा नियम आम्ही या अंकापासून लागू करीत आहोत.

दिवाळी अंकासाठी नळदुर्ग आणि परंडा या दोन किल्ल्यांची पत्रके पाठविण्याचे आम्ही सर्व कारागिरांना आवाहन करीत आहोत. धाराशिव, तुळजापूर, परंडा आणि उमरगा भागांतील वाचकांनी यात पुढाकार घ्यावा, कारण मोजमापासाठी पुन्हा पुन्हा जाणे त्यांनाच शक्य आहे. संपूर्ण किल्ला नको, एक दरवाजा, एक देवडी किंवा फांजीचा, म्हणजे तटावरील वाटेचा, एक तुकडा जरी आला तरी आम्ही तो छापू. प्रत्येक पत्रकाच्या खालच्या कोपऱ्यात मापे घेतल्याची तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि एक इंचाची तपासणीरेषा अवश्य असावी.