कुंडीतला वाटाणा

परवा आमच्या चौथीच्या वर्गात मी विचारलं, "मोठेपणी कोण होणार?" सात जण एकदम ओरडले, "सिनेमात जाणार!" सिनेमात काय करणार? तर सातही जण हिरो! मग कॅमेरा कोण फिरवणार? वर्ग गप्प.

तेव्हा मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची हकीगत सांगितली. १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात लेख लिहून त्यांनी ती स्वतःच सांगितली आहे, बरं का! मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. समोर ख्रिस्त दिसत होता, पण यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहू लागले. झालं! विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली स्वारी इंग्लंडला गेली, कॅमेरा घेऊन आली.

पण सिनेमाला पैसे कोण देणार? फाळक्यांनी काय केलं, सांगा पाहू? कुंडीत वाटाणा पेरला! कॅमेरा समोर ठेवून महिनाभर थांबून थांबून त्याची चित्रं घेतली. पडद्यावर ती भरभर दाखवली, तर बी रुजलं, कोंब वर आला, वेल झाला! पाहणारे थक्क झाले, आणि पैसे मिळाले.

आता सरस्वतीबाई फाळके ऐका. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम त्यांचं. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक! मला विचाराल तर पहिला सिनेमा दोघांनी मिळून काढला.

तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोघांचीही कामं केली. आमची पोरं हसून हसून लोळली!

सध्या आमच्या खिडकीत डब्यात वाटाणे आहेत. रोज मधल्या सुट्टीत एक जण जुन्या वहीच्या कोपऱ्यात कोंबाचं चित्र काढतो, रोज पुढच्या पानावर. पालकहो, वही कोपऱ्यात फाटलेली दिसली तर रागावू नका हं! पानं भरभर सोडली की कोंब हलतो. नवव्या पानावर मात्र तो एकदम खाली बसतो. त्या दिवशी चित्र काढायची पाळी आमच्या एका हिरोची होती.