काटा सरकला की मालक बदलतो

रेडिओ ऐकताना आपण गाणे ऐकतो, निवेदकाचा आवाज ओळखतो. पण या केंद्राचा मालक कोण, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. खरे तर सकाळी सात वाजता भजन लागणार की भेसळीची बातमी, की एखाद्या टूथपेस्टची जाहिरात, हे बरेचसे त्या मालकावरच ठरते.

याचा धडा आपल्या देशाने फार पूर्वी घेतला आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताने लोकांची अभिरुची घडवावी, हा हेतू चांगलाच होता. परंतु श्रोत्यांनी रेडिओचा कान पिळला आणि थेट सिलोन गाठले. तिथे जाहिरातदारांच्या पैशावर हवी ती गाणी मिळत होती. शेवटी १९५७ साली आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

एका शहरात तीन घरे

आज हा फरक जवळून पाहायचा तर दिल्लीलगतच्या गुरुग्रामचे उदाहरण घ्यावे. एकीकडे काचेचे मनोरे, दुसरीकडे जुनी हरियाणवी गावे आणि उद्योग विहारच्या कारखान्यांत राबणारे बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार. या शहरात रेडिओचा काटा थोडा सरकवला की तीन वेगळ्या मालकांची घरे लागतात.

पहिले घर आकाशवाणीचे. १९९७ पासून ते प्रसार भारतीच्या छत्राखाली आहे. तिचे बोलणे कधी कधी सरकारी वाटते, हे खरे. पण शेतकऱ्यांसाठी सल्ला, शास्त्रीय संगीताची मैफल, छोट्या भाषांतली बातमीपत्रे या गोष्टींना जाहिरातदार कोण मिळणार? नफ्याचा हिशोब बाजूला ठेवता येतो, म्हणूनच त्या टिकल्या.

दुसरे घर कंपन्यांचे. दिल्लीहून ऐकू येणारी रेडिओ मिर्ची टाइम्स समूहाची, फीव्हर हिंदुस्तान टाइम्सच्या कंपनीने सुरू केलेली. रेडिओ सिटीही २०१५ मध्ये जागरण समूहाकडे गेली. गंमत पाहा, ही सारी वर्तमानपत्रांची घराणी. पण रेडिओवर स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने परवानगी दिली ती आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्याची. मग उरले काय? गाणी, गप्पा, स्पर्धा आणि रस्त्यावरच्या वाहतुकीची खबर. शिवाय परवान्यासाठी लिलावात मोठी बोली लावलेली असते. ती रक्कम जाहिरातींतूनच भरून काढायची, म्हणजे जास्तीत जास्त लोकांना आवडणारी तीच गाणी पुन्हा पुन्हा वाजवणे ओघाने आले. निवेदक चटपटीत असतात, करमणूक होते, यात शंका नाही. पण ज्याच्या खिशात खरेदीला पैसा नाही, त्याचे प्रश्न इथे क्वचितच ऐकू येतात.

शेजाऱ्यांचा रेडिओ

तिसरे घर सर्वांत लहान. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल दिला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २००६ मध्ये, सामाजिक संस्थांना स्वतःचे केंद्र चालवण्याचा मार्ग खुला झाला. त्यातूनच २००९ साली ‘द रिस्टोअरिंग फोर्स’ या संस्थेने ‘गुडगाव की आवाज’ हे केंद्र १०७.८ एफएमवर सुरू केले. इथे माईकपुढे बसले ते आसपासच्या गावांतले आणि कामगार वस्त्यांतले लोक. हरियाणवी रागिणीला आणि परप्रांतीयांच्या लोकगीतांना जागा मिळाली. भाड्याची खोली, रेशनकार्ड, दवाखाना, मुलांची शाळा हे विषय झाले.

अशा केंद्राला लिलावाची बोली नसते. पण किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, ही अट असते. प्रक्षेपणाची शक्ती साधारण शंभर वॅट, म्हणजे आवाज जेमतेम दहा-बारा किलोमीटर जाणार. जाहिरातींना सुरुवातीला तासाला पाचच मिनिटे होती. पुढे ती मर्यादा वाढवण्यात आली.

खरी अडचण इथेच आहे. जाहिरात तुटपुंजी, म्हणून संस्थेला देणगीदारांकडे जावे लागते. देणगीदाराला पोषण आहारावर मालिका हवी असेल तर ती होते. वस्तीला आधी पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचे असले, तरी तो विषय मागे पडू शकतो. म्हणजे सेवाभावी मालकालाही कोणाचे तरी ऐकावे लागतेच. केंद्र वस्तीचे राहायचे तर त्याचा थोडा तरी खर्च वस्तीने, तिथल्या दुकानदारांनी उचलायला हवा.

महाराष्ट्रातही हे घडते आहे. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली. माणच्या बायकांना त्यांच्याच बोलीत शेळीपालनापासून बचतीपर्यंत ऐकायला मिळाले.

या तिन्हींपैकी एकच चांगला, असे म्हणण्यात अर्थ नाही. देशाला आकाशवाणी हवी, दमल्या जिवाला गाणी हवीत आणि गल्लीतल्या नळाबद्दल बोलणाराही कोणी हवा. पहिल्या दोघांना सरकार आणि बाजार सांभाळून घेतात. तिसऱ्याला मात्र श्रोत्यांखेरीज वाली नाही. तेव्हा आपल्या परिसरात असे केंद्र असेल, तर नुसते ऐकून थांबू नये. घरातल्या आजीची ओवी, मुलाची गोष्ट, दुकानाची छोटीशी जाहिरात तिथपर्यंत जरूर पोचवावी.