ज्ञानदान फक्त ग्रंथ छापूनच होतं का?



मुलाकडे अमेरिकेत गेलं की आपली एकच तक्रार, "वेळ जात नाही." तिथल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत स्वयंसेवक गरजूंना फुकट इंग्रजी शिकवतात. चला म्हटलं, तर उत्तर येतं, "आपलं इंग्रजी कुठे एवढं चांगलं?" अहो, मराठी शाळेतून आलेल्या आपल्यालाच ठाऊक, जीभ कुठे अडते ते! एका अफगाण निर्वासित बाईला बायकी दुखणं शाळकरी मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगावं लागायचं. मी तिला तेवढी दहा वाक्यं शिकवली. आहार, औषध, ज्ञान, अभय ही चार दानं आपल्याला तोंडपाठ. त्यांतली दोन इथे एका तासात घडतात. बोलीत नाव पुकारलं जात नाही, म्हणून हे दान कमी ठरत नाही.