वगळलेले शब्द

१ फेब्रुवारी २०१६ची राजपत्रातील अधिसूचना एकदा काढून पाहावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेतील कलम ६.८ तिने एकाच वेळी कडकही केले आणि सैलही. औषध कंपनीकडून डॉक्टरने भेट घेतली तर शिक्षा काय, याचा रुपयांनिशी तक्ता तिने घातला. हजार ते पाच हजारांची वस्तू असेल तर ठपका. लाखाच्या वर गेली तर डॉक्टरांच्या नोंदवहीतून वर्षाहून अधिक काळ नाव बाद. त्याच अधिसूचनेने ‘आणि डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना’ एवढे शब्द मात्र कलमातून काढून टाकले.

म्हणजे दवाखान्यात कंपनीकडून मिक्सर घेणारा डॉक्टर दोषी. त्याच कंपनीच्या पैशावर अधिवेशनाचा मंडप, जेवणावळी आणि मंचामागचा फलक उभा करणारी संघटना मोकळी.

संघटना नोंदवहीत नसते, तिच्यावर आमचा अधिकार चालत नाही, असा परिषदेचा युक्तिवाद होता. संघटना नसेल नोंदवहीत. अध्यक्ष तर असतो ना? इंडियन मेडिकल असोसिएशनने २००८मध्ये ट्रॉपिकाना रस आणि क्वेकर ओट्सच्या खोक्यांवर आपले नाव छापू दिले. त्यावरून याच परिषदेने २०१०मध्ये संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश काढला होता. अधिकार कुठून चालतो, हे तिला चांगले ठाऊक होते. सहा वर्षांत ती विसरली.

साध्या डॉक्टरची भेटवस्तू फार तर त्याच्या चिठ्ठीवर उमटते. संघटनेच्या अध्यक्षाचे तसे नाही. रक्तदाब किती झाला की गोळी सुरू करायची, कोणती लस कोणत्या वयात सुचवायची, हे सांगणाऱ्या समितीवर कोण बसणार, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. त्या समितीच्या पत्रकावरून गावोगावचे डॉक्टर चिठ्ठ्या लिहितात. अशा माणसाने औषध कंपन्यांकडून व्याख्यानाचे मानधन घेतले तर ते निदान सभासदांना तरी कळायला नको का? भाषणाआधी ‘हितसंबंध’ नावाची एक पाटी पडद्यावर झळकते आणि कोणी वाचायच्या आत सरकते. एवढ्यावर आपले भागते.

परिषद २०२०मध्ये गेली, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. जुनी संहिता परत लागू झाली. ते शब्द वगळूनच.