बार्शी लाईटच्या वाटेवरची स्थानके

धाराशिवच्या रेल्वे स्थानकावरची पाटी 2025 मध्ये बदलली. शहराचे नाव 2023 मध्येच बदलले होते; रेल्वेच्या दप्तरात ते 1 जून 2025 पासून उतरले. तिकिटावर 'यूएमडी'च्या जागी 'डीआरएसव्ही' ही अक्षरे आली. नावाची चर्चा जिल्ह्यात वर्षानुवर्षे झाली, मोर्चे झाले, खटले झाले. पाटीमागच्या स्थानकाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. खरे तर बोलण्याची वेळ हीच आहे. 'अमृत भारत' योजनेत देशातल्या 1300 हून अधिक स्थानकांचे रूप पालटायचे आहे. सोलापूर विभागाच्या यादीत लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर यांच्या जोडीला धाराशिवही आहे. स्थानकात त्या त्या गावची कला आणि संस्कृती दिसावी, असे या योजनेत म्हटले आहे. वाक्य चांगले आहे. पण धाराशिवची म्हणून काय दाखवायचे, हे जिल्ह्याने सांगितले नाही तर ते ठेकेदार ठरवील. आणि ठेकेदाराचे उत्तर बहुतेक वेळा एक सिमेंटची कमान आणि तिच्यावर एक शिखर एवढेच असते.

धाराशिवचे स्थानक तसे तरुण आहे. लातूरहून ब्रॉडगेजची गाडी इथे पहिल्यांदा पोचली ती सप्टेंबर 2007 मध्ये, आणि पुढे कुर्डुवाडीपर्यंतचा मार्ग ऑक्टोबर 2008 मध्ये सुरू झाला. त्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नव्हती. जिल्ह्यात मात्र होती, तीही शंभर वर्षांपासून. धाराशिवच्या माणसाला गाडी धरायची तर येडशी गाठावी लागे. म्हणजे या जिल्ह्याच्या रेल्वेचा वारसा शोधायचा तर शहरातल्या नव्या फलाटावर तो अर्धाच सापडेल. उरलेला अर्धा येडशी, कळंब रोड, ढोकी या छोट्या स्थानकांवर आहे.

तो वारसा बार्शी लाईटचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला होता. मुख्य मार्गावरचे तेव्हाचे बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, आणि कापसाच्या व्यापाराने गजबजलेली बार्शी यांच्यामध्ये 21 मैलांचे अंतर होते. तिथे अडीच फुटी रुळांची स्वस्त आणि तरीही दमदार रेल्वे चालवता येईल, हे त्याने ओळखले. 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, नियम एकच. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल हलके चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बांधली, आणि गाडी भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळच तात्पुरता मार्ग टाकून तिच्या चाचण्या घेतल्या. लोक बार्शीची गाडी म्हणून जिची थट्टा करत, ती त्या काळातली जगातल्या अत्यंत विचारपूर्वक आखलेल्या नॅरोगेज गाड्यांपैकी एक होती.

1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी मार्ग सुरू झाला. 1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली. 1907 मध्ये बार्शीहून ती बालाघाट चढून तडवळ्यापर्यंत आली, 1911 मध्ये लातूरला पोचली. 1927 मध्ये दुसरे टोक मिरजेला भिडले. एकूण 202 मैल. बार्शी मुंबई इलाख्यात, लातूर निजामाच्या राज्यात. ही छोटी गाडी रोज दोन राजवटींमधली हद्द ओलांडत होती. कापूस, भुईमूग, धान्य यांच्या पोत्यांबरोबर वर्तमानपत्रे येत, पत्रे येत, आणि हद्दीपलीकडच्या बातम्याही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो 1909 मध्ये, म्हणजे गाडी तडवळ्याला पोचली होती आणि लातूरला पोचायची होती त्या चार वर्षांत. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात पुढे मासिके आणि दिवाळी अंक आले, त्या वाटांपैकी ही एक. दिवाळी अंकाने या स्थानकांवर लिहायला तेवढे कारणही पुरे आहे.

1954 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. लोकांच्या तोंडी नाव मात्र 'बार्शी लाईट' हेच राहिले, अगदी शेवटची गाडी धावेपर्यंत. चढावर गाडीतून उतरून पुन्हा धावत पकडल्याचे किस्से या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात आहेत. खरे किती, वाढवलेले किती, याचा हिशेब कोणी करू नये.

त्या गाडीचे तिकीटही आठवावे. पुठ्ठ्याचा जाडसर तुकडा, साधारण सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंचाहून किंचित कमी रुंद. खिडकीतला बाबू लाकडी खणातून तो काढी, तारखेच्या लोखंडी यंत्रात सरकवी, खट्‌ असा आवाज होई आणि कडेला तारीख दाबली जाई. शाई थोडी, ठसा जास्त. बोट फिरवले की आकडे हाताला लागत. तपासनीस चिमट्याने त्याचा एक लचका तोडी. उतरताना तिकीट फाटकावर द्यावे लागे, म्हणून ते घरी फार कमी आले. ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते जपून ठेवावे.

नॅरोगेज गेली याचे रडगाणे इथे गायचे नाही. रुंदीकरण ही या भागाचीच मागणी होती आणि ती रास्त होती. छोट्या गाडीतून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. वेळ जाई, नासधूस होई. आणि 2016 च्या उन्हाळ्यात तर रुंद रुळांचे मोल सगळ्या देशाने पाहिले. लातूर तहानलेले होते. मिरजेहून कृष्णेच्या टापूतले पाणी घेऊन 'जलदूत' निघाली आणि 12 एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींची गाडी एका खेपेला 25 लाख लिटर आणू लागली. मिरज आणि लातूर ही जुन्या बार्शी लाईटची दोन टोके. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव असे करत पाणी आले ते बहुतांशी कॅलथ्रॉपच्याच वाटेने, फक्त रुळांमधले अंतर अडीच फुटांवरून साडेपाच फूट झाले होते. धाराशिवच्या स्थानकात एखादे भित्तिचित्र काढायचेच असेल तर याचे काढावे. असा प्रसंग आपल्या वाट्याला आला, ही या मार्गाची खरी ओळख आहे.

चूक रुंदीकरणाची नाही. रुंदीकरण होताना काय ठेवायचे आणि काय मोडीत काढायचे, हे कोणी बसून ठरवले नाही, ही चूक आहे. लातुरात जुन्या स्थानकाची आठवण आता मुख्यतः पत्त्यात उरली आहे; लोक 'जुनी रेल्वे लाईन' असे लिहितात आणि पत्र बरोबर पोचते. मार्ग जिथे जिथे सरकला तिथले दगडी पूल, मोऱ्या, भराव यांची साधी यादीही गावकऱ्यांच्या हाती नाही.

कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली रेल्वे बांधली. रूळ तेच अडीच फुटी, तत्त्व तेच. 1904 मध्ये सुरू झालेली ती रेल्वे जेमतेम 30 वर्षे चालली आणि 1934 मध्ये बंद पडली. रूळ उखडले गेले. पण रुळांखालची वाट पायी चालणाऱ्यांसाठी राखली गेली, हल्म एंडच्या छोट्या स्थानकाची इमारत आज माहिती केंद्र आहे. बार्शी लाईट तिच्यापेक्षा तिपटीहून जास्त काळ चालली, कितीतरी जास्त माणसे तिने नेली-आणली. तिच्या नावाने या जिल्ह्यात एक खोलीही असू नये?

इतके लांब जायचीही गरज नाही. नागपुरात मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. मुंबईत भायखळ्याच्या स्थानकाची जुनी इमारत रेल्वे, नागरिकांची संस्था आणि वास्तुरचनाकार यांनी मिळून पूर्ववत केली; 2022 मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. तिथून रोज लोकल सुटतात. वापरातले स्थानक वापरात ठेवूनच जपता येते, याचा तो धडधडीत पुरावा आहे. आणि विदर्भात 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीसाठी माणसे अजून रस्त्यावर उतरतात. मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळच्या लोकांना ती गाडी आपली वाटते म्हणून.

आता आपल्या तीन छोट्या स्थानकांकडे यावे.

येडशी हे बालाघाटाच्या माथ्यावरचे. जवळच रामलिंगचे देवस्थान आणि सुमारे 22 चौरस किलोमीटरचे अभयारण्य. जटायूची कथा इथे सांगितली जाते, श्रावणात माणसांची रीघ लागते. पावसाळ्यात हा डोंगर हिरवागार होतो तेव्हा दुष्काळी जिल्हा म्हणणाऱ्याने इथे येऊन पाहावे. या स्थानकाला चकचकीत फरशीपेक्षा झाडे लागतील, सावली लागेल आणि जंगलाची माहिती देणारा एक नीट फलक लागेल. आवारातले जुने कडुनिंब, चिंच, पिंपळ तोडून त्या जागी वाहनतळ करायचा आणि मग कुंड्यांत शोभेची रोपे लावायची, हा सगळीकडचा शिरस्ता इथे तरी येऊ देऊ नये.

कळंब रोड स्थानक कसबे तडवळ्याच्या शिवारात आहे. याच तडवळ्यात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतलेल्या माणसांच्या हक्काची ती परिषद. दर फेब्रुवारीत लोक तडवळ्याला अभिवादनाला येतात. पण स्थानकावर उतरणाऱ्या परक्या माणसाला हे सांगणारे काही हवे की नको? दोन परिच्छेदांचा मजकूर, तारखा, एक छायाचित्र. यासाठी कोट्यवधींची निविदा लागत नाही.

ढोकीचे स्थानक उसाच्या पट्ट्यातले. तेरणा कारखाना इथलाच. कारखान्याच्या चढउताराबरोबर या गावाची बाजारपेठ फुलली आणि सुकलीही. इथून तेर जवळ. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारी पेठ, आणि संत गोरोबा काकांचे गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंवर तिथले संग्रहालय उभे राहिले. मातीची खेळणी, मणी, शंखाच्या बांगड्या एका माणसाने शेताशेतांतून गोळा केल्या, सांभाळल्या. रेल्वेच्या वस्तूंसाठी तसा एक लामतुरे या जिल्ह्याला हवा होता.

या तिन्ही स्थानकांचे खरे दुखणे रंगरंगोटीचे नाही. गाडी थांबली नाही तर स्थानक उरत नाही. कोविडच्या काळात देशभर छोट्या स्थानकांवरचे थांबे गेले, पॅसेंजर गाड्या बंद झाल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पूर्वीचे दिवस परत आलेच नाहीत. फलाटावरचा नळ, उघडे असलेले स्वच्छतागृह, संध्याकाळी पेटणारे दिवे, तिकिटाची खिडकी आणि दिवसातून निदान दोन सोयीच्या गाड्या. जतन इथून सुरू होते. बाजारची माणसे, लातूरला शिकवणीला जाणारी पोरे, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या यांची ये-जा असेल तरच त्या इमारतीला काही चेहरा राहतो.

धाराशिवच्या मुख्य स्थानकाबद्दल हा अंक दोन-तीन गोष्टी सुचवतो. इमारत कशीही करा, पण तिचा दगड इथला असू द्या. ज्या जिल्ह्यात नळदुर्ग आणि परांडा उभे आहेत, धाराशिवची लेणी आहेत, तिथे काळ्या पाषाणाला प्लास्टिकच्या पत्र्याने झाकणे बरे दिसत नाही. 'एक स्थानक, एक उत्पादन' या योजनेतल्या टपरीवर कुठूनही आणलेली खेळणी नकोत. तिथे भूम-कुंथलगिरीचा खवा-पेढा मिळावा, तुळजापूरच्या कवड्यांची माळ मिळावी. आणि प्रतीक्षालयाची एक भिंत बार्शी लाईटला द्यावी: नकाशा, वेळापत्रक, जुने तिकीट, कंदील, गार्डाची शिट्टी. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना अजून चालू आहे. मागितले तर तिथून एखादे चाक, एखादा स्प्रिंग, एखादा पत्रा मिळू शकेल.

तुळजापूरचा प्रश्न तातडीचा आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या मार्गाची कोनशिला 9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात बसली, निम्म्या खर्चाचा भार राज्याने उचलला आहे. तुळजाभवानीच्या गावाला पहिल्यांदाच रेल्वे येणार. नवरात्रात आणि कोजागरीला तिथे उतरणारी गर्दी बहुतांशी पायी चालून दमलेली, पोराबाळांची, डोक्यावर बोचके घेतलेली असते. तिला देवळाच्या शिखराची सिमेंटी नक्कल नको. शिखर ती पाहूनच आलेली असते. तिला रुंद ओसरी हवी, पथारी टाकायला जागा हवी, पाय धुवायला पाणी हवे, पोत घेऊन आलेल्या आराध्यांना बसता येईल असा पार हवा. स्थानकाचा आराखडा कागदावर असतानाच हे सांगितले तर उपयोग. लोकप्रतिनिधींना, विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना पत्रे जायला हवीत, ग्रामसभांचे ठराव जायला हवेत, आणि ते या हिवाळ्यात.

दुसरे काम घरातले आहे. 2008 मध्ये साठीला निवृत्त झालेला बार्शी लाईटचा गार्ड, ड्रायव्हर किंवा गँगमन आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. येडशीचा घाट इंजिन कसे चढायचे, वाळू कुठे सोडायची, कोणत्या मोरीवर वेग आवरायचा, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. दिवाळीला पुण्या-मुंबईहून घरी आलेल्या मुलामुलींनी मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलते करावे, नाव, गाव, नोकरीची वर्षे नोंदवावीत, ट्रंकेतल्या तिकिटांचे, पासांचे, फोटोंचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. मूळ वस्तू घरातच राहू द्यावी. नकला गावच्या वाचनालयात आणि तेरच्या संग्रहालयात द्याव्यात, म्हणजे धाराशिवच्या प्रतीक्षालयाची भिंत मिळेल तेव्हा तिच्यावर लावायला काहीतरी हाताशी असेल.