सरप्राइज प्रपोजल, लपलेला फोटोग्राफर आणि राजगड: भोर-वेल्ह्यातल्या त्या रीलमागे नेमकं काय काय असतं?

हा व्हिडिओ एव्हाना प्रत्येकाच्या फीडमध्ये येऊन गेलाय. मागे धरणाचं निळं पाणी, उतरतीचं ऊन, मुलगी समोरचं दृश्य बघण्यात गुंग. ती वळते तर मुलगा गुडघ्यावर बसलेला, हातात अंगठीची डबी. ती तोंडावर हात ठेवते, मग रडते, मग मान डोलावते. तीस सेकंदांचा खेळ. पण हे सगळं टिपणारा फोटोग्राफर तिथे आधीच तासभर झुडपामागे बसलेला असतो, आणि तिला सोडून हे सगळ्यांना माहीत असतं.

पुण्याजवळ अशा फोटोंसाठी जागा शोधायला लागलं की गाडी हमखास भोर आणि वेल्ह्याकडे वळते. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) राजगड, तोरणा, रायरेश्वर, भाटघर आणि नीरा देवघरचं बॅकवॉटर, वरंधा घाट, मढे घाट, पानशेत. हे सगळं पुण्यातून सकाळी निघून रात्री परत येण्याच्या अंतरावर. त्यामुळे प्री-वेडिंग शूटवाले इथे आधीपासून येतच होते. सरप्राइज प्रपोजल ही त्याचीच पुढची पायरी, किंवा खरं तर आधीची.

मराठी घरांत मागणी घालायची ती मोठ्यांनी. मध्यस्थ, पाहण्याचा कार्यक्रम, कांदेपोहे, याद्या, सुपारी आणि मग साखरपुडा. गुडघ्यावर बसणं आणि हिऱ्याची अंगठी हे त्यात कुठेच नव्हतं. अमेरिकेतसुद्धा हिऱ्याची अंगठी घरोघरी पोचवण्यात डी बिअर्स कंपनीच्या विसाव्या शतकातल्या जाहिरातींचा मोठा हात होता. आपल्याकडे ते सिनेमातून आणि मग मोबाइलमधून आलं. त्यात वाईट काही नाही. दोघांनी एकमेकांना थेट विचारणं ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न येतो तो विचारण्याचं शूटिंग करायचं ठरलं की.

पहिली गडबड होते ती जागेवरून. इंटरनेटवर दिसलेला फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे कुणी बघत नाही. भाटघरच्या पाण्यात कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं जुनं मंदिर आहे. ते वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की उघडं पडतं. मे महिन्यातला तो फोटो बघून डिसेंबरात तिथे गेलं, तर मंदिराच्या जागी नुसतं पाणी. उलट पावसाळ्यानंतरचं काठोकाठ भरलेलं धरण बघून एप्रिलमध्ये गेलं, तर समोर भेगा पडलेला गाळ. हा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण काठाजवळ पाय आत जातो. धरणाचा काठ नदीसारखा हळूहळू खोल होत नाही, बुडालेली शेतं, बांध आणि ओढे पाण्याखाली तसेच असतात. मे २०२२ मध्ये भाटघरच्या बॅकवॉटरमध्ये एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या होत्या. 'जरा अजून मागे सरक, फ्रेममध्ये पाणी येऊ दे' हे वाक्य त्या काठावर फार महागात पडू शकतं.

उजेडाचं गणितही तसंच. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातनंतर. फोटोग्राफरला हवा असतो मावळतीच्या आधीचा तासभर, म्हणजे हे सगळं किल्ल्यावर करायचं तर उतरणं अंधारात आलं. आणि इथे सरप्राइजची खास अडचण येते. जिला काहीच माहीत नाही, तिने छान दिसावं म्हणून तिला 'बाहेर जेवायला जाऊ' असं सांगितलेलं असतं. म्हणजे पायात ट्रेकचे बूट नाहीत, टॉर्च नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्याची वाट ज्यांनी चढलीये त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात घाटाकडच्या गावांत मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे 'पोचलो की मेसेज करतो' या भरवशावर आखलेला बेत हमखास फसतो. जाणकार फोटोग्राफर आदल्या आठवड्यात जागा बघून येतात आणि फोनऐवजी खूण ठरवतात. मुलाने टोपी काढली की कॅमेरा सुरू, असं काहीतरी.

आता किल्ल्यांचा विषय. राजगड हा राज्य संरक्षित किल्ला आहे, म्हणजे तो राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे येतो आणि त्याला १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. मोबाइलवर आपला फोटो काढणं वेगळं आणि पैसे देऊन आणलेल्या टीमने स्टँड, लाइट लावून शूट करणं वेगळं. दुसऱ्याला आगाऊ परवानगी लागते. बऱ्याच जोडप्यांना हे गडावर पहारेकऱ्याने अडवल्यावर कळतं.

परवानगीपेक्षा नाजूक गोष्ट भावनेची. सईबाईंचं निधन राजगडी झालं, त्यांची समाधी पायथ्याच्या पाल गावात आहे. राजाराम महाराजांचा जन्म याच गडावरचा, १६७० चा. रायरेश्वरावर शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हेरिटेज हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी देण्याची बातमी आली तेव्हा इतका गदारोळ झाला, की शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. त्यामुळे गडावर फुलांच्या कमानी आणि स्पीकर घेऊन गेलेल्यांना गडप्रेमी अडवतात, तेव्हा त्यामागे हा सगळा राग असतो. प्रत्येक वेळी तो योग्य भाषेत व्यक्त होतोच असं नाही, हेही खरं. ज्यांना जुन्या वास्तूची पार्श्वभूमीच हवी आहे त्यांच्यासाठी भोरचा राजवाडा आहे. १८६९ मधल्या या वाड्यात सिनेमांची शूटिंग होत आली आहेत आणि तिथे रीतसर विचारून, पैसे भरून काम करता येतं.

रंगीत धुराच्या नळकांड्यांचं खूळ मात्र गडावर खरोखर जिवावर बेतणारं आहे. कड्याकपारींत आग्या मोहोळं असतात. धूर आणि उग्र अत्तराने माश्या चवताळतात, आणि मग फक्त त्या जोडप्याला नाही, तर गडावर असलेल्या सगळ्यांना चावतात. माचीवर पळायला जागा किती असते?

पावसाळ्यात तर बेत आखण्याआधी जिल्हा प्रशासनाचे आदेश बघणं आलं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी भोर-वेल्ह्यासह अनेक तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. धोकादायक जागी सेल्फी आणि रील बनवण्यावरही त्यात बंदी होती. वरंधा घाटही पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आहेत. पैसे घेऊन काम करणाऱ्याला २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते बघायला मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे, मागतं मात्र क्वचितच कुणी.

पण या सगळ्या तयारीत एक गोष्ट कुणीच आखत नाही. ती 'नाही' म्हणाली तर?

जून २०२३ मध्ये राजगडाच्या पायथ्याशी एका तरुणीचा मृतदेह सापडला होता. लग्नाला नकार दिला म्हणून सोबत गडावर आलेल्या परिचितानेच तिचा खून केल्याचा पोलिसांचा आरोप होता. त्या प्रकरणाची आणि अंगठी घेऊन जाणाऱ्या प्रेमळ मुलाची तुलना करायची नाही. पण त्यानंतर अनेक मुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनात 'त्याच्यासोबत एकटी गडावर' या शब्दांचा अर्थ बदलला, हे नाकारता येत नाही. निर्जन जागा, गाडी त्याची, फोनला रेंज नाही, समोर कॅमेरा, झाडामागे मित्र टाळ्या वाजवायला तयार. अशा जागी विचारलेल्या प्रश्नाला 'मला विचार करायला वेळ दे' असं उत्तर देणं जवळपास अशक्य असतं. मग कॅमेऱ्यापुरता होकार येतो आणि दोन आठवड्यांनी तो रीलसकट मागे घ्यावा लागतो.

म्हणून समजूतदार जोडपी सरप्राइज फक्त तारखेचं आणि जागेचं ठेवतात. लग्न करायचं का, कधी, दोन्ही घरांत कसं सांगायचं, हे आधीच बोलून झालेलं असतं. काही मुलं तिच्या बहिणीला किंवा जवळच्या मैत्रिणीला विश्वासात घेतात. तिला गर्दी चालते का, आपला रडतानाचा चेहरा सगळ्यांनी बघितलेला आवडेल का, हे तिलाच माहीत असतं. पायात बूट हवेत ही सूचनाही तिच्याकडून बिनबोभाट पोचते.

आणि फोटो शेवटी कुणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. गोम त्या शेवटच्या शब्दांत आहे. बऱ्याच फोटोग्राफरांच्या बुकिंगच्या अटींमध्ये फोटो आपल्या पेजवर टाकण्याची मुभा घेतलेली असते आणि सही केलेली असते मुलाने. मुलीला त्या वेळी शूट आहे हेच माहीत नसतं, मग पेजवर जाण्याला तिची संमती कुठून येणार? घरी अजून कुणाला काही सांगितलेलं नसताना तिच्या काकाला ते रील आधी दिसतं, हे त्यातूनच होतं. बुकिंग करताना त्या अटीसमोर 'दोघांच्या लेखी परवानगीशिवाय काहीही पोस्ट करू नये' एवढं लिहून घेता येतं, आणि चांगले फोटोग्राफर त्याला हरकत घेत नाहीत.